पाठ कोणाचा? ‘एल्डर स्क्रोल्स’चे वाचक आणि ‘अधिकृत’ अर्थाचा हव्यास

वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा मराठीत रुळून आता बराच काळ लोटला आहे. लेखकाच्या मृत्यूविषयीचा रोलाँ बार्थचा १९६७ मधील निबंध, स्टॅन्ली फिशने १९८० च्या ग्रंथात मांडलेली अर्थनिर्णायक समुदायाची कल्पना, वोल्फगांग ईझरला संहितेत दिसलेल्या रिकाम्या जागा हे सारे पदव्युत्तर वर्गांत शिकवले जाते आणि प्रश्नपत्रिकांत विचारलेही जाते. मात्र या चर्चेतील वाचक हे बहुधा एक गृहीतक असते. त्याला वय नसते, गाव नसते, आणि मुख्य म्हणजे तो कोणाशी भांडत नाही. हाडामांसाचे वाचक एकत्र येऊन एखाद्या संहितेवर वर्षानुवर्षे वाद घालू लागले, की सैद्धान्तिकांची नजर दुसरीकडे वळते; आणि ती संहिता व्हिडिओ गेमच्या रूपातील असली, तर विचारायलाच नको. ‘चाहत्यांची बडबड’ एवढ्या दोन शब्दांत तिची वासलात लागते.

ही वासलात किती उथळ आहे, हे ‘एल्डर स्क्रोल्स’ या अमेरिकन खेळमालिकेच्या चाहत्यांची चर्चा लक्षपूर्वक वाचली असता ध्यानात येते. बेथेस्डा या कंपनीने १९९४ मध्ये ‘अरीना’ हा या मालिकेतील पहिला खेळ काढला. त्यानंतर ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे मुख्य खेळ आले. खेळणारा एक पात्र घडवतो आणि टॅम्रिएल नावाच्या काल्पनिक भूखंडात हवा तसा हिंडतो, हे या खेळांचे बाह्य रूप. परंतु तेथील घरांत, मठांत, गुहांत आणि ग्रंथालयांत शेकडो पुस्तके ठेवलेली असतात: इतिहास, चरित्रे, धर्मग्रंथ, प्रवासवर्णने, राजकीय पत्रके, क्वचित चावट नाटकेही. ही पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत. मालिकेचा खरा विशेष या न जुळण्यात आहे आणि चाहत्यांच्या चर्चेचा उगमही तेथेच आहे.

‘मॉरोविंड’मधील रेड माउंटनच्या लढाईचे उदाहरण घ्यावे. नेरेवार हा सेनानी त्या लढाईच्या सुमारास मरण पावला, एवढेच निर्विवाद आहे. तो कसा मेला? धर्मपीठाच्या मते लढाईत झालेल्या जखमांनी. वाळवंटी टोळ्यांच्या परंपरेनुसार पुढे देवपदी बसलेल्या त्याच्याच सल्लागारांनी त्याचा खून केला. त्या तिघांपैकी एक असलेला व्हिव्हेक स्वतःचा निराळा वृत्तान्त देतो. (नावाच्या ध्वनिसाम्यावरून मराठी वाचकाने काही निष्कर्ष काढू नयेत, विवेक हा या देवाचा ठळक गुण नव्हे.) खेळ संपला तरी यांतील खरे काय, याचा निवाडा मिळत नाही. साहजिकच खेळणाऱ्यांना साक्षीदारांकडे वळावे लागले. हे कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणासाठी लिहिले, आणि ते खरे मानले गेल्यास लाभ कोणाचा, हे प्रश्न त्यांनी प्रत्येक ग्रंथाला विचारले. इतिहासलेखनशास्त्राच्या पहिल्या धड्यात हेच प्रश्न असतात. फरक एवढाच, की येथे ते कोणी शिकवले नव्हते.

व्हिव्हेकच्या नावावर छत्तीस प्रवचनांचा एक ग्रंथ आहे. भाषा गूढ, प्रतिमा विक्षिप्त. घाईने खेळणारा दोन पानांत तो बाजूला ठेवील. परंतु काही वाचकांनी तो अक्षरशः ओळीओळीने तपासला. शेवटच्या प्रवचनातील परिच्छेदांची आद्याक्षरे जुळवली असता खुनाची कबुली मिळते, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे एकोणतिसाव्या प्रवचनात दिलेल्या संख्या हा संकेत मानून प्रत्येक प्रवचनातला त्या त्या क्रमांकाचा शब्द वेचला, तेव्हा त्याहून लांब आणि स्पष्ट कबुली हाती आली: ग्रंथाचा कर्ता देव म्हणून जन्मला नव्हता, ते देवपण चोरलेले होते. स्वतःचे माहात्म्य गाणाऱ्या धर्मग्रंथाच्या पोटात त्याच्या कर्त्याने आपलाच गुन्हा पुरून ठेवला आहे. सूक्ष्म वाचन, सूक्ष्म वाचन असा घोष करणाऱ्या नवसमीक्षेच्या किती अभ्यासकांनी संहितेचा इतका चिवट पाठलाग केला असेल?

‘स्कायरिम’च्या संदर्भात हीच पद्धत राजकारणाकडे वळते. महायुद्धानंतर साम्राज्याने शत्रूशी तह केला आणि त्यात टॅलॉस या देवाच्या उपासनेवर बंदी मान्य केली. उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक हा बंडखोर या बंदीविरुद्ध उठला आहे. मार्कार्थ शहर परत घेताना त्याने निरपराधांची कत्तल केली, असे एक पुस्तक सांगते. तेवढ्यावर त्याला खुनी ठरवणारे आहेत. त्या पुस्तकाचा कर्ता साम्राज्याच्या बाजूचा विद्वान आहे आणि ‘गुन्हे’ हा शब्द त्याने उपशीर्षकातच वापरून निकाल आधीच लावला आहे, असे दाखवून देणारेही आहेत. दुसरीकडे शत्रूच्या वकिलातीत उल्फ्रिकविषयी एक गुप्त टिपण सापडते. त्यात त्याचा उल्लेख हेरखात्याच्या परिभाषेत ‘ॲसेट’ असा येतो. हा शब्द दिसताच तो शत्रूचा हस्तक असल्याचा बोभाटा झाला. त्यावर शांतपणे वाचणाऱ्यांनी टिपणाचा उर्वरित भाग पुढे ठेवला: थेट संपर्काला तो आता दाद देत नाही, असे तेथेच नोंदवले आहे, त्याचा पूर्ण विजयही शत्रूला नको आहे, यादवी लांबावी एवढेच त्याला हवे आहे. एका शब्दाचा अर्थ संज्ञेच्या क्षेत्रावरून ठरवायचा की व्यवहारातील अर्थावरून, हा वाद आहे. तो खेळाविषयी चालला आहे म्हणून तो समीक्षेतून बाद होत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. खेळ ही संहिता नव्हे. नियम, कृती आणि परिणाम यांची ती एक व्यवस्था आहे. तेथील पुस्तके म्हणजे केवळ सजावट. बहुसंख्य खेळणारे ती उघडतही नाहीत. एस्पेन आर्सेथने १९९७ मध्ये ‘सायबरटेक्स्ट’ची मीमांसा केली, तेव्हापासून खेळाला कथनाच्या मापाने मोजू नये, असा इशारा अनेकदा दिला गेला आहे. तो रास्त आहे. या पुस्तकांपैकी पुष्कळांची गद्यशैली सामान्य आहे, हेही मान्य करावे. चाहत्यांच्या कित्येक उपपत्ती म्हणजे उंबेर्तो एकोने ज्याला अतिनिर्वचन म्हटले त्याचे नमुने आहेत, याबद्दलही दुमत नसावे. पण यातून सिद्ध काय होते? फार थोडे लोक वाचतात, लिहिणारे नेहमीच चांगले लिहीत नाहीत आणि टीकाकार कधी कधी वाहवत जातात. ही वस्तुस्थिती मराठी कवितेला लागू नाही काय?

खरे तर या वाचकांच्या उद्योगाचे जवळचे नाते आधुनिक वाचकवादी सिद्धान्तांपेक्षा पाठचिकित्सेशी आहे. ‘द रिअल बॅरेन्झाया’ या ग्रंथातील ‘डॅगरफॉल’मध्ये असलेला काही उत्तान मजकूर पुढच्या खेळांतील प्रतींत आढळत नाही. वाचकांनी प्रती समोरासमोर ठेवल्या आणि भेद टिपले. १९९८ च्या ‘रेडगार्ड’ या खेळाबरोबर साम्राज्याची एक छापील मार्गदर्शिका दिली होती. तिच्या समासांत साम्राज्याच्या विरोधकाच्या हातचे शेरे आहेत. मूळ मजकूर साम्राज्याचा आणि टीप शत्रूची, म्हणून दोन्ही सारख्याच संशयाने वाचाव्यात, असा नियम या वाचकांनी लावला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. स. सुकथनकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालवले, तेव्हा व्यासांचे मूळ शब्द सापडतील असा दावा त्यांनी केला नव्हता. उपलब्ध प्रतींवरून मागे जाता येईल तेथवर जायचे आणि उरलेला मजकूर फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जपायचा, ही त्यांची शिस्त होती. ते प्रचंड काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही कामांच्या योग्यतेची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. ती हास्यास्पद ठरेल. साम्य आहे ते वृत्तीचे. मूळ कर्ता विचारायला उपलब्ध नाही, हे मान्य करूनच पाठचिकित्सा सुरू होते.

आणि नेमक्या याच ठिकाणी चाहत्यांचे पाऊल घसरते. त्यांच्या दृष्टीने कर्ता उपलब्ध आहे. निदान तसे त्यांना वाटते. वाद टोकाला गेला की कोणीतरी विचारतो: हे ‘अधिकृत’ आहे का? खेळात आहे तेवढेच प्रमाण, असे एक पक्ष म्हणतो. खेळाच्या लेखकांनी बाहेर जे लिहिले वा सांगितले तेही प्रमाण, असे दुसरा म्हणतो. तिसऱ्या पक्षाच्या मते प्रमाण असे काहीच नाही, ज्याला जे रुचेल ते त्याचे. हा तिसरा पक्ष सर्वांत मुक्त भासतो. परंतु त्याचा आधार पाहिला म्हणजे गंमत वाटते. मायकेल कर्कब्राइड हा ‘मॉरोविंड’च्या प्रमुख लेखकांपैकी एक. ‘मॉरोविंड’ बाहेर येण्यापूर्वीच त्याने कंपनीतील नोकरी सोडली. पुढे खेळाबाहेर पुष्कळ लेखन केले, २०१४ मध्ये ‘कोडा’ ही चित्रकथेची संहिता विनामूल्य खुली केली, आणि या विश्वात लिहिण्याचा अधिकार सर्वांना सारखाच आहे, अशी भूमिका घेतली. तिसरा पक्ष आपल्या स्वातंत्र्याचा दाखला म्हणून कर्कब्राइडचेच नाव पुढे करतो. लेखक मेला, असे लेखकाने सांगितले म्हणून तो मेला. बार्थला याहून मोठी शोकान्तिका सुचली नसती.

या परावलंबनावर मराठी प्राध्यापकांनी हसू नये. लेखकाच्या मुलाखतीतील एक वाक्य उद्धृत करून कादंबरीचा अर्थ मिटवून टाकणारे प्रबंध आपल्या विद्यापीठांत आजही मान्य होतात. कादंबरीकार हयात असेल तर मार्गदर्शकच विद्यार्थ्याला त्याच्याकडे धाडतात.

येथे एका तांत्रिक युक्तीचा विचार आवश्यक आहे. ‘डॅगरफॉल’चे शेवट अनेक होते, खेळणाऱ्याच्या निवडीनुसार सत्ता वेगवेगळ्या पक्षांच्या हाती जाई. पुढचा खेळ काढताना त्यांतला कोणता शेवट इतिहास म्हणून गृहीत धरायचा, ही कंपनीपुढची अडचण होती. तोड अशी काढली गेली, की त्या काळात कालच दुभंगला आणि सारे परस्परविरोधी शेवट एकदमच घडले. चाहते याला ‘ड्रॅगन ब्रेक’ म्हणतात. कोणी यात उत्तरआधुनिक अनेकार्थतेचा साक्षात्कार पाहतो. तो भाबडेपणा आहे. युक्तीचा उगम सरळसरळ उत्पादनाच्या सोयीत आहे. पण उगम सोयीचा म्हणून परिणाम क्षुद्र ठरत नाही. या युक्तीनंतर मालिकेतील कोणत्याही इतिहासकाराच्या ‘असे घडले’ या विधानावरचा विश्वास कायमचा उडाला, आणि वाचकांना ते लगेच समजले. कंपनीला जी पळवाट हवी होती, ती वाचकांनी ज्ञानमीमांसेचा प्रश्न करून टाकली.

म्हणून ‘अधिकृत काय?’ हा प्रश्न अर्थाचा नसून मालकीचा आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. बेथेस्डाची मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतली. साडेसात अब्ज डॉलर्सच्या त्या व्यवहारात टॅम्रिएलचे देव, त्यांचे खून आणि त्यांची प्रवचनेही हस्तांतरित झाली. टॅलॉस देव आहे की नाही, हे ठरवण्याचा कायदेशीर हक्क आज एका भागधारकांच्या कंपनीकडे आहे, असे म्हटले तर ते विनोदी वाटते. परंतु जो चाहता वादाच्या शेवटी कंपनीच्या निवेदनाकडे पाहतो, तो हा हक्क गंभीरपणे मान्य करतो. स्वामित्वहक्काचा कायदा प्रती विकण्याचे नियमन करतो. व्हिव्हेकच्या प्रवचनांचा अर्थ लावण्याचे नियमन त्याने कधी आपल्याकडे घेतलेले नाही. ते वाचकांनी आपण होऊन देऊ केले आहे.

आणि सीमा वाटते तितकी पक्की कधीच नव्हती. १९९८ च्या मार्गदर्शिकेत सिरोडिल हा साम्राज्याचा मध्यप्रांत घनदाट अरण्याचा म्हणून वर्णिला होता. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ आला तेव्हा खेळणाऱ्यांना तेथे समशीतोष्ण कुरणे आणि वने दिसली. जुन्या वाचकांनी हरकत घेतली. कोणी लिपिकप्रमाद म्हटले, कोणी साम्राज्याचा खोटा प्रचार. टॅलॉसने देवपदी पोचल्यावर भूमीचे हवामानच पालटले, असे सांगणारा कर्कब्राइडचा एक मजकूर खेळाबाहेर फिरत होताच. ‘अनधिकृत’ म्हणून कित्येकांनी तो झिडकारला. २०११ मध्ये ‘स्कायरिम’मधील व्हाइटरन शहराच्या चौकात हाइम्सकर नावाचा एक प्रवचनकार उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना टॅलॉसचे माहात्म्य ओरडून सांगू लागला. त्याच्या तोंडी तोच झिडकारलेला मजकूर होता. हजारो खेळणाऱ्यांनी त्याला कटकट्या म्हणून टाळले. २०१४ च्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये तर टॅम्रिएलच्या विद्वानांतच हा वाद लावून दिलेला आढळतो: अरण्याचा उल्लेख ही प्रत करताना झालेली चूक, ही उपपत्ती तेथे येते आणि तिच्यावरचा आक्षेपही येतो. वाचकांचे जुने भांडण त्यांना असे छापील होऊन परत मिळाले. काहींनी ते कंपनीचे उत्तर म्हणून स्वीकारले. इतरांनी मात्र त्या विद्वानांची कुळे काढली, दोघांचे इतर लेखन शोधले, कोण कोणावर जळतो ते पाहिले, आणि नवा ग्रंथ जुन्या साक्षीदारांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच संशयाने, फळीवर ठेवून दिला.