दुभाषेपणाला मोल हवे
मोडनिंबहून सोलापूरमार्गे अक्कलकोटकडे जावे, तसतशी मराठीला कन्नड, तेलुगूची सोबत मिळते. घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुलगी इस्पितळात आजीचे दुखणे डॉक्टरांना समजावते. या कौशल्याला दहावीच्या गुणपत्रिकेत मात्र रकाना नाही! घरची भाषा अडसर मानणाऱ्यांना आमचा सवाल आहे : इंग्रज फादर स्टीफन्स मराठी शिकले नसते, तर १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले असते काय? कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून द्विभाषिक विद्यार्थ्यांना शालान्त पदविकेवर मानाची मोहोर देऊ केली. आपल्या मंडळानेही दुभाषेपणाची ऐच्छिक परीक्षा घ्यावी. परिचारिका, बँक, न्यायालय यांच्या भरतीत तिचे गुण धरावेत. फुकट सेवा घेताना दोन भाषा चालतात. मग नोकरी देताना एकच का मोजायची?