शापित राजाचे सोबती

शापामागून उःशाप येतो, हे पुराणकथा ऐकत वाढलेल्या मुलांना सांगावे लागत नाही. अजगर झालेल्या नहुष राजाची सुटका युधिष्ठिराच्या उत्तरांनी झाली. जपानमध्ये २००४ साली निघालेला ‘ड्रॅगन क्वेस्ट ८’ हा व्हिडिओ खेळही शापाच्याच कथेवर उभा आहे. खेळणाऱ्याने एका तरुण पहारेकऱ्याची भूमिका घ्यावयाची आणि सोबत्यांसह गावोगाव हिंडून शाप देणाऱ्याला गाठावयाचे, असा हा खेळ. असल्या खेळांत नुसती मारामारी असते, असे पुष्कळ वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे.

डॉल्मेगस नावाचा विदूषक राजवाड्यातील जादूचा राजदंड चोरतो आणि त्याच्या बळावर सर्वांना शाप देतो. वाड्यातील माणसे वनस्पतिरूप होऊन निश्चल उभी राहतात. राजा ट्रोड हिरव्या कातडीचा ठेंगणा राक्षस होतो, राजकन्या मेडिया घोडी होते. एकटा पहारेकरी तेवढा वाचतो. राजाची वाणी मात्र शाबूत राहते. राक्षसरूपातही तो हुकूम सोडतो, रागावतो, कुरकुरतो. मेडियाला तेवढाही आधार नाही. तिला बोलता येत नाही, आणि प्रवासातील गाडीही तिलाच ओढावी लागते. वाटेत एका झऱ्याचे पाणी पिताच ती अल्पकाळ मनुष्यरूपात येते, मनातले बोलते आणि पुन्हा घोडी होते. लढाईच्या दहा प्रसंगांहून हा एक प्रसंग अधिक मोलाचा आहे.

दुसरा सोबती यांगस. हा मूळचा वाटमाऱ्या. या मंडळींना लुटावयास आला असता पूल तुटून तोच दरीवर लोंबकळू लागला, तेव्हा पहारेकऱ्याने त्याला वर ओढून घेतले. तेव्हापासून तो त्याचा झाला; जपानी खेळात तर तो वयाने मोठा असूनही त्या तरुणाला थोरल्या भावासारखी हाक मारतो. राक्षस दिसणारा राजा, मुकी घोडी आणि लुटारू यांच्याबरोबर खेळणाऱ्याला चालावयास लावणे, हेच या खेळाचे मोठेपण होय.

आणि उणीवही येथेच आहे. पहिल्याच गावात ट्रोडला पाहून लोक त्याच्यावर दगड भिरकावतात. खेळणाऱ्या मुलाला त्यांचा मनस्वी राग येतो. परंतु वेशीबाहेर पडताच तोच मुलगा समोर येईल त्या राक्षसावर तलवार चालवितो. ते चालून येतात, हे खरे; पण त्यांच्यातही एखादा शापित ट्रोड असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवत नाही. शिवावी कशी? प्रत्येक लढाई जिंकताच त्याच्या पदरात सोन्याची नाणी पडतात! पुढे काही राक्षसांना आपल्या बाजूला वळविता येते. मात्र तेही मुख्यतः आखाड्यात झुंजविण्यासाठीच.