हे पुस्तक आपल्यातले आहे का?



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक माउली मंदिराच्या दाराशी माझी वाट पाहत थांबली होती. तिला अक्षरओळख बेताचीच. मुलाच्या दप्तरात सापडलेले, वरचे पान फाटलेले एक पुस्तक पुढे करून तिने विचारले, “फादर, हे आपल्यातले आहे का?” पुस्तक होते साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. “खुशाल वाचू द्या, आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगून तुम्हीही ऐका,” असे मी म्हणालो. ती समाधानाने गेली. पण माझे समाधान झाले नाही. हाच प्रश्न पूर्वी एकदा मला विचारला गेला होता, आणि त्या वेळी मी चुकीचे उत्तर दिले होते. ते शेवटी सांगेन.

एके काळी ख्रिस्तसभेची निषिद्ध ग्रंथांची यादी असे. रोममधून ती प्रथम १५५९ साली निघाली व १९६६ साली तिचे बंधन उठले. तेव्हापासून पुस्तकाची पारख आपल्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवलेली आहे. म्हणून आज काही पुस्तकांविषयी माझी मते थोडक्यात मांडतो. ही धर्मगुरूची आज्ञा नव्हे; एका वाचकाचा अनुभव समजावा.

प्रथम ‘श्यामची आई’. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील माता ख्रिस्ती नाही. पण पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, ही तिची शिकवण कोणत्या ख्रिस्ती मातेला परकी वाटेल? एकच सूचना करतो. यात अश्रू पुष्कळ आहेत. सबंध पुस्तक एका बैठकीत वाचू नये. रोज रात्री एक प्रकरण पुरे.

दुसरे आपले ‘ख्रिस्तपुराण’. जन्माने इंग्रज असलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांनी हे मराठी पुराण राशोल येथे छापून घेतले. जवळजवळ ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ तेव्हा रोमन लिपीत छापला गेला. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. जुन्या शब्दांना अडखळून मी सेमिनरीत तो दोनदा बाजूला ठेवला होता. पुढे उमगले, की हा ग्रंथ डोळ्यांनी वाचायचा नसून गळ्याने म्हणायचा आहे. जिने जात्यावर ओव्या म्हटल्या त्या आजीला तो पदवीधर नातवाआधी कळतो. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूची. उपवासकाळात दुसऱ्या भागापासून आरंभ करावा.

संत ऑगस्टीन यांचे आत्मकथन, ‘कन्फेशन्स’, तेरा खंडांचे आहे. सामान्य कुटुंबाने पहिले नऊ वाचावेत. पुढील खंड काळ, स्मरण व सृष्टी यांच्या गहन विचाराने भरलेले आहेत आणि माझीही तेथे दमछाक होते. परंतु वाट चुकलेल्या मुलासाठी रडणाऱ्या प्रत्येक आईने संत मोनिकेची हकीकत अवश्य ऐकावी. ३८७ साली मुलाचा बाप्तिस्मा तिने डोळ्यांनी पाहिला आणि त्याच वर्षी तिचे देहावसान झाले. तिची प्रार्थना फळास यायला किती वर्षे लागली, ते मोजावे.

थॉमस केंपिस यांचे ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ माझ्या उशाशी असते. तथापि ते मठवासीयांसाठी लिहिलेले आहे, हे विसरू नये. माणसांचा सहवास टाळण्याचा त्यातील उपदेश चार लेकरांच्या आईला कसा लागू पडावा? तिची खोली म्हणजे तिचे अंतःकरण.

बालयेशूच्या संत तेरेजेचे आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८९८ साली प्रसिद्ध झाले. तरुणपणी मला ते फार गोड वाटले, आणि म्हणूनच आवडले नाही. पुढे आजाऱ्यांच्या खाटेशी बसण्याचे प्रसंग आले, तेव्हा त्याची शेवटची प्रकरणे पुन्हा उघडली. क्षयाने झिजणाऱ्या, श्रद्धेच्या अंधारात चाचपडणाऱ्या त्या चोवीस वर्षांच्या मुलीत गोडवा नव्हे, धैर्य दिसले. पुस्तक तेच होते. वाचणारा बदलला होता.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना एका शिक्षिकाबाईंनी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ दाखवून विचारले, “फादर, हे आपल्यातले आहे का? वाचू का?” मी म्हणालो, “ते प्रॉटेस्टंट मंडळींचे. आपल्याकडे वाचण्यासारखे काय कमी आहे?” बाईंनी मुकाट्याने पुस्तक ग्रंथालयात परत केले. मी त्याचे एक पानही वाचलेले नव्हते.

पुढे मी तापाने अंथरुणावर असताना तेच पुस्तक हाती आले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांतील ताटातूट, लोकांची बोलणी, सोवळेओवळे मनातून गळून पडण्याची वेदना, हे सारे त्या साध्या बोलीत सांगतात, आणि मध्येच हसवतात. कोणावर राग नाही, स्वतःची बढाई नाही. श्रद्धा कशी हळूहळू उगवते, ते मला कित्येक प्रवचनांपेक्षा त्या पुस्तकाने अधिक शिकवले.

बरा झाल्यावर मी त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांची दृष्टी आता अधू झाली होती. क्षमा मागून मी पहिली काही पाने वाचून दाखवली. त्या पोट धरून हसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “फादर, तेव्हा वाचले असते, तर माझ्या डोळ्यांनी वाचले असते.”

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नाही. मात्र न वाचलेल्या पुस्तकाविषयी तेव्हापासून मी मत देत नाही.

सर्व पारखावे आणि चांगले ते धरावे, असा उपदेश संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस केला. पुस्तक आपल्यातले आहे का, याबरोबर आणखी एक विचारावे: ते मिटल्यावर घरातल्या माणसांकडे मी अधिक मायेने पाहतो का? मग उत्तर धर्मगुरूला विचारावे लागणार नाही. आज रात्री रोझरी झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवून, घरातल्या एकाने दोन पाने मोठ्याने वाचावीत. ज्यांचे डोळे थकले आहेत, त्यांना जवळ बसवावे.