सोडत 2016ची, चावी कधीची?

गरीब घरातल्या आया आजपुरते जगतात, पुढचे त्यांना दिसत नाही, असा शेरा सरकारी बैठकांपासून चहाच्या टपरीपर्यंत सर्रास मारला जातो. पनवेलजवळच्या कोनने तो खोटा पाडला आहे. डिसेंबर 2016 मध्ये गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी म्हाडाने येथील 2,417 घरांची सोडत काढली. 160 चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर, किंमत सहा लाख. 1982च्या संपाने होरपळलेल्या कुटुंबांनी कर्जे काढून पैसे भरले. पुढचे दिसत नसते, तर ही हिंमत झाली असती का?

आंधळे कोण होते ते नंतर कळले. ताबा मिळण्याआधीच, 2020 मध्ये, या इमारती करोनाच्या विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. परत मिळाल्या तेव्हा घरांची दुर्दशा झाली होती. दुरुस्तीचा खर्च ही घरे म्हाडाला देणाऱ्या एमएमआरडीएने करायचा की म्हाडाने, यावर कागद फिरत राहिले. सोडतीला सात वर्षे उलटली तरी अनेकांच्या हाती चावी नव्हती. कर्जाचे हप्ते मात्र वेळेवर कापले जात होते.

सात वर्षांत पहिलीतला मुलगा आठवीत जातो, सातवीतली मुलगी कॉलेजात. निदान जायला हवी. चावी मिळाली की शाळा बदलू, मग क्लास लावू, मग स्वतःचे शिवणयंत्र घेऊ, अशी साखळी ज्या आईने मनात जुळवली, तिची पहिलीच कडी निसटली. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांच्या 2013च्या एका अभ्यासात तेच शेतकरी पीक हाती येण्यापूर्वी, तंगीच्या दिवसांत, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले. तंगी माणसाचा विचारच अडवून धरते. त्यात सरकारी दिरंगाईची भर कशाला?

याच सरकारला दूरचे दिसत नाही असे नाही. ‘लेक लाडकी’ योजनेत एप्रिल 2023 मध्ये जन्मलेल्या मुलीच्या 75 हजारांचा वायदा 2041चा आहे. तो करणाऱ्यांना कोनच्या इमारतींची दुरुस्ती वेळेत करता येऊ नये?

धोका पुढेच आहे. आता गिरणी कामगारांसाठी मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीत सुमारे 81 हजार घरांचा प्रस्ताव आहे, साडेनऊ लाखांना एक. त्याविरुद्ध जुलै 2025 मध्ये कामगार आझाद मैदानात उतरले. परळ-लालबागला चार घरची धुणीभांडी करणारी बाई वांगणीहून पहाटेची कोणती लोकल पकडणार आणि तान्हे पोर कुणाकडे ठेवणार, हे प्रस्ताव मांडणाऱ्यांनी तिला विचारले होते काय? पाळणाघर आणि जवळचे काम यांशिवाय दिलेले घर तिची कमाईच तोडते.

खासगी बिल्डरने ताबा लांबवला, तर रेरा कायद्याने ग्राहकाला व्याज मागता येते. कामगारांच्या प्रत्येक घरासाठी ताब्याची तारीख लेखी द्या, आणि ती चुकली तर त्या दिवसापासूनचे व्याज सरकारी तिजोरीतून त्या घरातल्या बाईच्या खात्यात, न मागता, जमा करा.