चिपची पारख कोण करणार?

तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा भाव रंगावर बराच ठरतो. सेमीकंडक्टर म्हणजे अर्धवाहकाची पारखही प्रकाशानेच होते. कोणता रंग शोषला गेला, कोणता बाहेर पडला हे मोजले की आतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा हिशेब लागतो. याला वर्णपटमिती म्हणतात. कण काही नॅनोमीटरचा झाला की पदार्थ तोच राहून रंग बदलतो. या ‘क्वांटम डॉट’च्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये चिप उद्योगासाठी ७६ हजार कोटी मंजूर केले. एप्रिल २०२३ मध्ये क्वांटम मिशनसाठी आठ वर्षांचे सुमारे सहा हजार कोटी. पैसा आला, हे चांगलेच. पण कर्जाचा प्रस्ताव तपासताना बँकवाला यंत्राच्या किमतीबरोबर हेही विचारतो, की ते चालवणार कोण?

तासगावची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली. तिथे पातळ पटलांवर अनेक वर्षे संशोधन चालते. इथल्या पोरांचा हात वर्णपटमापकावर बसला नाही, तर कारखाना आपला आणि पारखी परका, अशी गत होईल. रामन यांनी १९२८ साली साध्या उपकरणांवर मोठा शोध लावला. त्यांचा दाखला देऊन प्रयोगशाळांची उपासमार मात्र खपवू नये.