माहितीपुस्तिकेलाही आवृत्ती हवी!

कोणतंही मराठी पुस्तक घ्या. सुरुवातीच्या पानांत 'पहिली आवृत्ती', 'सुधारित आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' अशा ओळी असतात. पुनर्मुद्रण म्हणजे जुनंच परत छापलं, सुधारित आवृत्ती म्हणजे आत काहीतरी बदललं. पुस्तकाला लावतो ती शिस्त अंगणवाडीताईच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपच्या माहितीपुस्तिकेला काहून नाही?

परतवाडा-धारणी रस्त्यावरच्या आमच्या सेमाडोहसारख्या गावात हा नुसता कागदाचा प्रश्न नाही. मेळघाटात लेकराचं वजन ही जिवाची गोष्ट आहे. मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' अ‍ॅप आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी मोबाईल परत केले. फोन निकृष्ट, अ‍ॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार. पुढे अ‍ॅप मराठीत आलं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक झालं. आता सांगा, २०२१ ची पुस्तिका पाहून २०२५ चं काम कसं व्हावं?

वजनाच्या तक्त्याचंच उदाहरण घ्या. पूर्वी कुपोषणाच्या चार श्रेणी होत्या आणि मुलगा-मुलगी दोघांना तक्ता एकच. २००८ मध्ये आपल्या देशानं जागतिक आरोग्य संघटनेची नवी मानकं स्वीकारली. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. लेकरू तेच, वजन तेच, पण तक्ता बदलला की त्याचा गट बदलू शकतो. म्हणून नोंदीशेजारी 'कोणत्या तक्त्यानुसार' हे लिहिलेलं नसेल, तर कुपोषण खरंच घटलं की नुसतं मोजमाप बदललं, हे कोण सांगणार?

हा गुंता मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी केव्हाच सोडवलाय. मुक्त म्हणजे ज्याची आतली रचना सगळ्यांना पाहता येते, सुधारता येते असं सॉफ्टवेअर. 'पायथॉन' ही संगणकाची भाषा त्यातलीच. तिच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, तरी तिची माहितीपुस्तिका आजही वाचायला मिळते. ज्याच्याकडे जी आवृत्ती, त्यानं तिचीच पुस्तिका उघडायची. नव्यात काय बदललं, त्याची यादी वेगळी. सगळं उतरवूनही घेता येतं, म्हणजे रेंज नसली तरी अडत नाही. रेंजचं मोल मेळघाटातल्या बायांना वेगळं सांगायला नको!

अशा पुस्तिकांसाठी २००० साली एक परवानाही निघाला, 'ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना'. त्याची अट मोठी छान आहे. पुस्तिका बदला, वाटा, पण कोणी, कोणत्या वर्षी बदलली याचा इतिहास पुसू नका, त्यात आपली भर घाला. मराठी विकिपीडियाच्या प्रत्येक लेखावर 'इतिहास' दिसतो, तोही याच वळणाचा.

कोणी म्हणेल, इतक्या आवृत्त्या ठेवल्या तर गोंधळच वाढेल. चुकून जुनी उघडली तर? त्यावरही उपाय आहे. जुन्या पानाच्या माथ्यावर ठळक लिहायचं, 'ही जुनी आवृत्ती आहे, नवी इथे पाहा.' फेकून दिल्यानं मात्र गोंधळ मिटत नाही, फक्त पुरावा जातो. मागच्या वर्षी नोंद अशीच का केली, असं साहेबांनी विचारलं तर ताईनं दाखवायचं काय?

म्हणून सरकारी अ‍ॅपसाठी मागणं चारच गोष्टींचं आहे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख. त्याखाली 'या वेळी काय बदललं' ते सोप्या मराठीत. जुन्या पुस्तिका सगळ्यांना पाहता येतील अशा एकाच ठिकाणी जपून. आणि अ‍ॅप बदलायच्या आधी पुस्तिका हातात, नंतर नव्हे. मेळघाटात कोरकूतून बोलून समजावणारी ध्वनिफीतही सोबत मिळाली तर सोन्याहून पिवळं.

यात फार खर्चाचं काही नाही. मैत्रिणींनो, पुढच्या वेळी प्रशिक्षणात पुस्तिका हाती आली, की आधी पहिलं पान उलटा आणि विचारा, "साहेब, ही आवृत्ती कोणती?" उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.