कॅसेटसमोर कोणी बसायचं?

आमच्या संघटनेच्या कपाटात व्हीएचएसच्या ४१ कॅसेट आहेत. १९८९ ते १९९७ या काळातल्या. शिबिरं, मोर्चे, परित्यक्तांचे मेळावे. त्या संगणकात उतरवून घ्यायला गेल्या महिन्यात आम्ही एक कॅप्चर डिव्हाइस आणलं. काडेपेटीएवढी डबी. एका बाजूला व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना लागतात, दुसरं टोक संगणकात.

दुकानात पहिलाच प्रश्न आला, "ताई, बसवायला घरात कोणी मुलगा आहे ना?" आम्ही तिघी हसलो. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न आमच्याही मनात होताच. कॅसेटी सरळ बाहेर देऊन टाकाव्यात, असं बैठकीत दोघीतिघींचं मत होतं.

बसवायला एक दुपार गेली. चित्र आलं ते काळं-पांढरं आणि वरखाली लोळणारं. संगणकाने अमेरिकेतली एनटीएससी पद्धत धरली होती. आपल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या. ते बदलल्यावर रंग आले. मग आवाज नाही. तो कुठून घ्यायचा हे वेगळं निवडावं लागतं, एवढं कळायला तास गेला. १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा'तल्या बायका व्हिडिओ शिकल्या, त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. आम्ही शिकलेल्या बायका एका डबीला घाबरलो होतो!

खरी गोष्ट पुढे कळली. कॅसेट भराभर उतरत नाही. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, आणि फीत अडकते, आवाज जातो म्हणून कोणीतरी समोर बसावंच लागतं. म्हणजे उतरवणारा सगळं पाहतो, ऐकतो. दुसऱ्याच कॅसेटमध्ये एक बाई, डोक्यावर पदर, सासऱ्याचं आणि गावाचं नाव घेऊन बोलत होती. तिने ते मेळाव्यातल्या बायकांना सांगितलं होतं, कुणाच्या मोबाइलवर फिरायला नव्हे. तिची नातवंडं आज त्याच गावात असतील. ही कॅसेट आपण दुकानात ठेवून आलो असतो.

म्हणून माझं म्हणणं, हे काम आपणच करायचं. पैसे वाचतात म्हणून नव्हे. त्या बाईने विश्वास आपल्यावर ठेवला होता, दुकानदारावर नाही.

काहीजणी म्हणतात, मग उतरवूच नका, कपाटात राहू द्या. तेही मला पटत नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. दमट हवेत फितीला बुरशी धरते. आमच्या पाच कॅसेटींच्या खिडकीतून पांढरे ठिपके दिसतात. त्या तशाच यंत्रात घातल्या तर हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्या आम्ही वेगळ्या ठेवल्या आहेत. गप्प बसवलेल्या बायका एकदा बोलल्या, आणि ते आपल्या कपाटात कुजून गेलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

उतरवायचं, पण बाहेर काढायचं नाही. मोर्चे, गाणी सगळ्यांना खुली. हकिकती मात्र त्या बाईला किंवा तिच्या माणसांना, तेही तिला अडचण होणार नाही अशा बेतानं, विचारल्याशिवाय नाही. सापडली नाही तर कुलपातच. यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. तुमच्या संघटनेत काय ठरलं ते कळवा.

सात कॅसेटी झाल्या. दर शनिवारी दुपारी दोघी बसतात, एकटीने ऐकवत नाही म्हणून.